डबा उघडून दाखव

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे अख्ख्या डहाणूला माहीत आहे. पण त्या दिवशी हर्षदावर ओरडले ते आठवलं, की आजही मान खाली जाते.

२०१७ साल. सातवीला मराठी शिकवत होते. फळ्यावर लिहिलं, 'बिंबवणे'. म्हटलं, "नुसतं सांगणं वेगळं, बिंबवणं वेगळं. एखादी गोष्ट मनात अशी बसवायची, की पुढे कोणी सांगायलाच नको. चला, वाक्यं लिहा."

सगळ्यांची वाक्यं ठरलेली. आई संस्कार बिंबवते, गुरुजी शिस्त बिंबवतात. मग हर्षदा उठली. मूळची वेवजीची मुलगी, तिची आई सोनीबाई आमच्याच चिकूच्या वाडीत कामाला. तिने खणखणीत आवाजात वाचलं, "बाई रोज संध्याकाळी आईला डबा उघडून दाखवायला लावतात आणि तिच्या मनावर प्रामाणिकपणा बिंबवतात."

वर्ग खिदळला. पोरीच्या मनात काडीचाही खोचकपणा नव्हता हो, तिला वाटलं बाई खूश होतील! मी मात्र ओरडले, "चूक! बस खाली!" आणि वहीवर लाल फुली मारली.

डबा बघायची रीत माझ्या सासऱ्यांची, अण्णांची. "विश्वास पानिपतात गेला," म्हणायचे. ते गेले आणि वाडीच्या फाटकावर मी उभी राहू लागले. सहा वर्षांत सोनीबाईच्या डब्यात एक चिकू निघाला नाही, तरी मी बघतच होते. शिकली-सवरलेली बाई मी! दिवसभर कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

संध्याकाळी ठरवूनच फाटकावर गेले. हर्षदा शाळेतून आईला न्यायला आली होती. सोनीबाईने सवयीने डब्याचं झाकण काढलं.

"राहू दे गं. आजपासून डबा दाखवायचा नाही."

ती घाबरलीच. "काय चुकलं का बाई? कामावरून काढता का?"

"नाही गं. माझंच चुकलं."

तेवढ्यात हर्षदा पुढे झाली. कोणी काही न सांगता तिने दप्तर माझ्यासमोर ठेवलं, चेन उघडली आणि वह्या बाहेर काढून तळ दाखवला. मराठीची वही उघडीच पडली होती, वर माझी लाल फुली.

"तुझं वाक्य बरोबर होतं, हर्षदा," मी कसंबसं म्हटलं.

ती खूश झाली. मग विचारलं, "दप्तर बंद करू का, बाई?"