सव्वातेहतीस इंच

केलेब ऑडम या बावीस वर्षांच्या पोराला अमेरिकन फुटबॉल धड खेळता येत नव्हता, आणि नेमकं तेच व्हर्नन हॅस्क्यूच्या डोळ्यांत खुपत होतं. येत नसताना पोरगा इतका उजवा, मग आल्यावर काय?

अलाबामातल्या त्या छोट्या कॉलेजच्या व्यायामशाळेत सकाळपासून अकरा व्यावसायिक संघांची पारखी माणसं जमली होती. पाच आठवड्यांनी संघ आपापले नवे खेळाडू निवडणार होते. त्याआधी पोरांना पळवायचं, वाकवायचं, मोजायचं आणि वर अहवाल पाठवायचा, हा या मंडळींचा पोटाचा धंदा. व्हर्नन त्यांच्यात सगळ्यांत जुना. सव्वीस वर्षं त्यानं दुसऱ्यांची पोरं मोजण्यात घालवली होती.

केलेबची जागा टॅकलची. रांगेच्या टोकाला उभं राहायचं आणि चेंडू फेकणाऱ्या आपल्या गड्यावर धावून येणाऱ्या रेड्यांना अडवायचं. हे काम तो दोनच वर्षं करत होता. त्याआधी स्वारी कॉलेजच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवायची. म्हाताऱ्या कोच टिलरीनं त्याला एकदा मैदानावर ते पिंपाएवढं वाद्य गळ्यात घेऊन उलट्या पावलांनी चालताना पाहिलं, आणि बँडमधून सरळ उचलून आणलं.

कच्चा म्हणजे किती कच्चा असावा? सकाळपासून दोनदा चुकीच्या बाजूला सरकला, एकदा इशाऱ्याआधीच उठला. हात कधी टाकायचे ते कळेना. पण मागे सरकायला लागला की तीनशे दहा पौंडांचा तो देह पाण्यावरून गेल्यासारखा जाई. व्हर्ननच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

कोच टिलरी भिंतीशी खुर्ची टाकून उकडलेल्या शेंगा सोलत बसले होते. एकोणऐंशी वय, नोकरी कधीच संपलेली, पण व्यायामशाळा काही सुटत नव्हती.

"चाळीस वर्षांत असे पाय बघितले नाहीत रे, व्हर्नन," ते म्हणाले.

त्या चाळीस वर्षांत व्हर्ननही होता. चौतीस वर्षांपूर्वी याच कॉलेजात, याच कोचच्या हाताखाली, टॅकलच्याच जागेवर तो खेळला होता. पहाटे चारला उठून एकटा दोरीच्या उड्या मारायचा. त्याला एकाही संघानं घेतलं नाही. हात आखूड पडले, सव्वातेहतीस इंच. धावून येणाऱ्याला लांबच थोपवायचं असतं, म्हणून टॅकलचा हात चौतीसच्या खाली असला की त्याचा भाव उतरतो. पाऊण इंचानं आपलं नशीब फिरलं, हे तो बायकोला, पुढे घटस्फोटाच्या वकिलालाही सांगून चुकला होता. स्वतःच्या हाताला पुन्हा टेप लावून बघायची त्याला कधी छाती झाली नाही.

आणि या ट्यूबावाल्याला सगळं आयतं.

"व्हर्नन, मोजून घे बाबा. ऊन चढायच्या आत पळवू त्यांना," कुणीतरी ओरडलं.

रिवाज असा की एकानं टेप लावायची, आकडा पुकारायचा आणि बाकीच्यांनी मुकाट लिहून घ्यायचा. दुसऱ्याच्या टेपवर शंका घेणं म्हणजे तोंडावर चोर म्हणणं. केलेबनं हात आडवा पसरला. टेपचं टोक खांद्याच्या वरच्या हाडावर धरायचं असतं. व्हर्ननचा अंगठा दीड इंच खाली, दंडावर घसरला. घसरला कसला, त्यानंच नेला.

"सव्वातेहतीस," त्यानं पुकारलं.

बाकीच्यांची पेनं चालली. कुणीतरी हळहळलं. केलेबनं आपल्या हाताकडे एकदा पाहिलं. सगळे पोरांना घेऊन मैदानाकडे निघाले. व्हर्ननला वाटलं होतं बरं वाटेल. तोंड मात्र कडू झालं होतं.

"आकडा तरी दुसरा घ्यायचास, लेका," मागून कोच म्हणाले. "स्वतःचाच दिलास त्याला?"

व्हर्नन टेप गुंडाळू लागला.

"हाडावर धरायची टेप. तुला मीच शिकवलंय ते."

"सव्वातेहतीसनं माझं वाटोळं झालं, कोच. तुम्हीच मोजलात, तुम्हीच कार्डावर लिहून सगळ्यांना पाठवलंत."

"हो. आणि खरा सव्वाबत्तीस होता. एक इंच मी पदरचा घातला." कोचनी टरफलं खिशात टाकली. "तरी कुणी घेईना, म्हणून एकेकाला फोन केले. हाताचं कुणी नावही काढलं नाही. म्हणाले, पोरगा गुणी आहे, पण पाय जड आहेत. तू हाताला दोष देत होतास. तेवढ्यावर तुझं भागतंय तर भागू दे, म्हटलं."

चौतीस वर्षं ज्या पाऊण इंचाला त्यानं शिव्या घातल्या, तो बिचारा त्यात कुठे नव्हताच.

"माझे पाय खरंच कसे होते, कोच?"

म्हाताऱ्यानं आणखी एक शेंग सोलली.

"मेहनती होते," ते म्हणाले, आणि शेंगांची पिशवी त्याच्यापुढे धरली.

व्हर्ननला अजूनही त्या पोराचं वाईट व्हावं असंच वाटत होतं, उलट मघापेक्षा जास्तच. तरी तो मैदानावर गेला आणि सगळ्यांना थांबवलं.

"टेप चुकीची धरली मी. परत मोजा."

"म्हातारा झालास, व्हर्नन. चष्मा बदल."

"सव्वीस वर्षांचे तुझे सगळेच आकडे आता तपासायला हवेत की रे," दुसरा म्हणाला, आणि तो काही हसत नव्हता. व्हर्ननला ते ऐकून घ्यावं लागलं. टेप त्यानं सगळ्यांत तरुण पारख्याच्या हातात दिली आणि स्वतः चार पावलं लांब उभा राहिला.

"पावणेपस्तीस!"

पेनं पुन्हा चालली. केलेब घाम पुसत व्हर्ननपाशी आला.

"सर, चांगला आहे का हा आकडा?"

"चांगला आहे."

"मग आईला फोन करतो," म्हणून तो पळाला, आणि पळतानाही पायांचा आवाज झाला नाही. व्हर्नननं गुडघ्यावर अहवालाचा कागद घेतला. पायांच्या रकान्यात, पेन रुतेल इतक्या जोरानं, त्यानं लिहिलं: चाळीस वर्षांत असे पाहिले नाहीत.