झग्यावरचे निळे डाग

ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. गळ्याचे रोगी, त्यांचे नातेवाईक आणि ज्यांना काहीच झालेलं नव्हतं असे तीन-चार डझन हौशी लोक माना उंचावून उभे होते. समोर मऊ खुर्चीत 'कंठसम्राट' बसले होते. पांढऱ्या झग्याला खळ अशी कडक, की सम्राट वाकले तर मोडतील असं वाटावं. ती खळ गर्दीत उभ्या असलेल्या आत्याच्याच हातची. तिची लाँड्री समोरच होती आणि सम्राटांचे झगे सहा महिने तिच्याकडेच येत होते.

"गळ्यातली गाठ म्हणजे गिळलेला राग!" सम्राट गरजले. "गोळीनं राग जातो का?"

"नाही!" हॉल ओरडला. यातल्या निम्म्या लोकांच्या खिशात तेव्हाही डोकेदुखीची गोळी असेल.

एक टक्कल पडलेले गृहस्थ पुढे झाले. चेल्यानं त्यांना तांब्यातलं पाणी दिलं. त्यांनी गुळण्या केल्या आणि काचेच्या वाडग्यातल्या फिक्या तपकिरी 'कंठजला'त थुंकले. पाणी क्षणात काळंनिळं झालं. हॉलमध्ये हाय हाय झालं. सम्राटांनी त्यांच्या गळ्यावरून तांब्याची कांडी अकरा वेळा फिरवली, दुसऱ्या तांब्यातलं पाणी दिलं, नवा वाडगा पुढे केला. या वेळी रंग बदलला नाही.

"विष गेलं!"

मग आत्याच्या भाचीची पाळी आली. पोर पंधरा वर्षांची. वर्षापूर्वीपर्यंत जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायची, आता भिंतीला धरून चढते. चेहरा सुजलेला, उकाड्यातही अंगात स्वेटर, वर्गात बाकावर डोकं टेकून झोप. थायरॉइडचं काम मंदावलंय म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली होती, ती रोज पोटात जातही होती, आणि तरी गेल्या महिन्याचा रिपोर्ट आधीपेक्षा वाईट आला होता. पोरीच्या आईचा, म्हणजे आत्याच्या वहिनीचा, धीर सुटला तो तिथेच. आत्या आली होती ती केवळ पोरीसाठी, कपाळाला आठ्या घालून.

पोर थुंकली. पाणी काळं झालं. वहिनी रडायलाच लागली.

"गोळ्यांनीच विष साचलंय," सम्राट म्हणाले. "आजपासून चाळीस दिवस गोळी बंद!"

"बंद करते, महाराज."

आत्या पोरीचा हात धरायला पुढे सरकली. तेवढ्यात सम्राटांनी ऐटीत नवा वाडगा उचलला आणि दोन थेंब त्यांच्या बाहीवर उडाले. तपकिरी थेंब खळीच्या कापडावर पडले आणि तिथल्या तिथे निळे झाले.

हेच ते डाग! सहा महिने ती ते घासत होती आणि शाईच्या पेनाला शिव्या देत होती. असेच डाग तिच्याकडे धुवायला येणाऱ्या, दवाखान्यात जखमा बांधणाऱ्या ड्रेसिंगवालीच्या कोटावर पडायचे, पण फक्त खळ घातलेल्या कोटावर.

आत्या तडक जिना उतरली आणि खळीचं पातेलं घेऊन वर आली.

"महाराज, माझ्या पातेल्याच्या गळ्यात गाठ आलीय. जरा बघता का?"

कुणी काही म्हणायच्या आत तिनं नव्या वाडग्यात पळीभर खळ ओतली. पाणी काळंनिळं, पोरीच्या वाडग्यापेक्षाही गडद.

"या बाईच्या मनात काळं आहे!"

"मन नाही ओतलं, खळ ओतलीय. आणि हा तुमचा पहिला तांब्या चिकट का लागतो हो हाताला?" तिनं बोटं तांब्यात बुडवून वर धरली. "यात पातळ खळ. दुसऱ्या तांब्यात साधं पाणी. आणि वाडग्यात?"

गर्दीतून ती ड्रेसिंगवालीच पुढे आली, तिनं वाडगा हुंगला. "जखमेला लावायचं आयोडीन. पाणी घालून फिकं केलंय. पिठाला लागलं की काळं होणारच."

"पण मला बरं वाटलं," टक्कलवाले गृहस्थ क्षीण आवाजात म्हणाले. त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. सम्राट तोवर झगा गुडघ्यापर्यंत उचलून मागच्या जिन्यानं पसार झाले होते. गिळलेला राग ज्यांच्यात होता, ते त्यांच्या मागे धावले.

वहिनी मात्र जागची हलली नाही. "वन्सं, तो लबाड, कबूल. पण मग माझ्या पोरीला गोळी का लागू पडत नाही?"

आत्यानं पातेलं खाली ठेवलं. "मलाही माहीत नाही. ज्याला माहीत असेल त्याला विचारू."

दुसऱ्या दिवशी तिघी डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या. त्यांनी रिपोर्ट बाजूला सारला. "गोळी कशी देता? सगळं सांगा, काही सोडू नका."

"पोर गोळ्यांना कंटाळते हो. म्हणून सकाळी एकदाच उरकते. थायरॉइडची, लोहाची, कॅल्शियमची, तिन्ही कुटून पेलाभर दुधात."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "लोह, कॅल्शियम आणि दूध ही गोळी अंगात नीट शोषली जाऊ देत नाहीत. गोळी पोटात जात होती, रक्तात जात नव्हती. उठल्याबरोबर नुसत्या पाण्याशी द्या, पुढे तासभर काही नको. बाकीच्या दोन गोळ्या चार तासांनी. डोस तोच राहू दे. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू."

दोन महिन्यांनी रिपोर्टातला वाढलेला आकडा बराच खाली आला. पोर लाँड्रीत शिरली ती स्वेटरशिवाय. "आत्या, आज तासाला झोपले नाही. गणित होतं तरी!"

तिच्या मागून आलेली वहिनी खाली मान घालून म्हणाली, "तुम्ही मला मूर्ख म्हणत असाल."

"तुला कशाला? तू निदान 'का' म्हणून विचारलंस. मी सहा महिने त्याचे डाग घासले आणि एकदाही विचारलं नाही, हे कशाचे म्हणून."

औषध लागू पडत नसेल, तर ते बंद करायला सांगणाऱ्याकडे जाऊ नका. आपण ते कसं घेतो, हे विचारणाऱ्याकडे जा. आणि कुणाचं पाणी काळं झालं, तर हात जोडण्याआधी बोट बुडवून बघा.