उजवा खांदा

“पन बाई, हा तं लाकडाचा आहे. याचा खांदा काहून दुखन?”

मनकर्णा, आमच्या बालवाडीतली सगळ्यात चिमुरडी आणि सगळ्यात भांडखोर, आपला चाकांचा बैल यमुताईंच्या नाकासमोर धरून उभी. मी कोपऱ्यात हसू दाबतेय. शामला, तू पाहिजे होतीस गं! ऐक तर.

पोळ्याचा आदला दिवस. यमुताई, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, सकाळपासून पोरांना ‘कदर’ समजावून सांगत होत्या. कदर म्हणजे काय? एक म्हणे पेढा. एक म्हणे टाळ्या. वसंत म्हणाला, “माय मारत नाही, ते.” घ्या आता! मग बाईंनी वाटीत तूप-हळद कालवली, पळसाची पानं काढली. म्हणाल्या, “बैल वर्षभर मानेवर जू घेऊन राबतो ना? म्हणून आज त्याचा खांदा चोळायचा आणि म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. त्याचं ओझं आपल्याला दिसलं, हे त्याला कळलं पाहिजे. ती कदर.”

आणि तेवढ्यात मनकर्णाचा तो सवाल! “यानं काहीच नाही वाह्यलं,” ती म्हणाली. “खोटा बैल.”

बाई हातातलं पान उलटसुलट करत राहिल्या. आणि दारातून रुपराव आत आला.

रुपराव आमचा पाणीवाला. आमच्या गल्लीत नळ कोपऱ्यावर एकच, तिथून कावडीनं पिपे भरून आणायचा. कधी हूं नाही की चूं नाही. पण त्याच्यापुढे एक शब्द काढायचा नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत. आधी तो गांधीबागेच्या बाजारात एका कापडवाल्याकडे गाठी उचलायचा. शेठ पाहुण्यांना म्हणाला, “आदमी नहीं, बैल है बैल!” रुपरावनं पाठीवरची गाठ तिथंच भर दुकानात ठेवली आणि चालता झाला. परत त्या रस्त्यानं गेला नाही म्हणे.

आणि आमची पोरं काय करतात? वाटी उचलली, पानं उचलली, सगळी फौज त्याच्याकडे!

“रुपरावबाबा, खाली बस ना गा!”

“काहून? काय करून राहिले रे?”

“तुया खांदा चोळून राहिलो,” मनकर्णा म्हणाली. “तूच आमचा बैल आहे!”

अगं, बाईंच्या हातातलं पान गळून पडलं. रुपराव हलेना. नुसता त्या पोरीकडे बघत राहिला. मला वाटलं, झालं. आता कावड ठेवतो हा, आणि जातो.

त्यानं कावड ठेवली. ठेवली, आणि उकिडवा बसला. दुपट्टा बाजूला केला, उजव्या खांद्यावरची बंडी खाली ओढली.

बाई गं, तो खांदा! काळाकुळकुळीत घट्टा, दगडासारखा. रोज पाणी पितो आम्ही त्याच्या हातचं, आणि मी तो खांदा कधी बघितलाच नव्हता. मनकर्णानं एक बोट लावलं, पटकन मागे घेतलं, मग फुंकर घातली.

“दुखते?”

“तू इचारलं तं दुखून राहिला थोडासा.”

मग काय, चिमुकले हात नुसते! तूप मानेवर, तूप कानात. रुपराव डोळे मिटून बसलेला.

“आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!” सगळी एका सुरात ओरडली.

“उद्या शाळेला सुट्टी आहे, रुपराव,” यमुताईंचा आवाज मला ओळखू येईना. “तुम्ही माझ्याकडे या.”

“वा! आवतन म्या देल्लं,” मनकर्णा उसळली. “आमच्याच घरी येईन तो!”

“येतो न माय,” रुपराव म्हणाला. “तुयाच घरी येतो.”

मग तो दुसऱ्या खेपेला गेला. तो परत आला तेव्हा मी दारातच उभी होते. हा माणूस कावड आणायचा तर थेंब सांडायचा नाही गं. त्या दिवशी पार डुलत, अडखळत आला. उंबऱ्यावर पाणी, पायऱ्यांवर पाणी. मला आधी कळेना, याला झालं तरी काय!

कावड त्यानं डाव्या खांद्यावर घेतली होती. उजवा उघडाच होता. पिवळाधमक.