पाहुण्यांनी लावलेली पट्टी

मित्रांनो, मी धान्य वाळवणारा एक जुना ड्रायर आहे. दिसायला पत्र्याच्या मोठ्या कपाटासारखा. पण पोटात गरम वारा खेळवतो आणि ओलं धान्य बघता बघता कोरडं करून देतो.

माझा जन्म लांबच्या एका थंड देशातला. दोन देशांनी शेतीच्या कामात एकमेकांना मदत करायचं ठरवलं आणि माझी रवानगी इकडे झाली. बोटीत अंग नुसतं आंबून गेलं! सोबत एक परदेशी इंजिनिअर होते, घामाघूम झालेले, पण मोठे भले गृहस्थ. गावातल्या शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या शेडमध्ये त्यांनी मला उभं केलं, खायच्या धान्यावर चालवून दाखवलं, तापमानाचं बटण योग्य आकड्यावर आणलं आणि खूण म्हणून तिथं लाल चिकटपट्टी लावली. बियाण्याला मात्र उष्णता पुष्कळ कमी लागते. जास्त झाली की दाण्यातला जीव जातो. ते दुसऱ्या दिवशी शिकवायचं होतं. पण सकाळीच त्यांना परत बोलावल्याचा निरोप आला आणि ते शिकवणं राहून गेलं.

चेअरमननी फर्मान काढलं, "पाहुण्यांनी लावून दिलेली पट्टी आहे. कुणी बोट लावायचं नाही!" झालं. मला पुसतानासुद्धा लोक पट्टीला वळसा घालून फडकं फिरवायचे. मला भारी वाटायचं, खोटं कशाला बोलू? आसपासच्या गावांतून माणसं बघायला यायची, फोटो काढायची. खायचं धान्य मी खरोखर छान वाळवत होतो.

मग एका वर्षी ऐन कापणीत आभाळ हटेना. गावातल्या बायकांचा बियाण्याचा गट होता आणि निम्मं गाव त्यांचंच बियाणं पेरायचं. गटाची प्रमुख म्हणजे मला चालवणाऱ्या ऑपरेटरची आत्या, म्हणून सगळं गाव तिला आत्याच म्हणे. ती ओली पोती घेऊन आली. थोड्या वेळानं तिनं दाणे हातावर घेतले आणि चटकन हात झटकला.

"अरे, केवढं तापलंय हे! बियाणं वाळव म्हटलं, भाज नाही म्हटलं. कमी कर की जरा."

"आत्या, पट्टी साहेबांची आहे. हलवली तर चेअरमन मला दारात उभं करणार नाहीत."

"त्यांना विचार तरी!"

"विचारलं. म्हणाले, एवढी शिकलेली माणसं चुकतील होय?"

आत्या तिथंच घुटमळली. शेवटी भाच्याच्या पोटावर पाय नको म्हणून तिनं पोती तशीच वाळू दिली. मी आतून ओरडत होतो, मित्रांनो, पण माझी घरघर कोण ऐकतंय?

पेरणी झाली आणि निम्म्या गावाची शेतं तशीच उघडी राहिली. लोक माती उकरून बघत, तर दाणा जसाच्या तसा. पुन्हा पेरायला बियाणं आणायचं कुठून? आत्या नळावर आली की बायका हंडे उचलून निघून जायच्या. बिचारीनं जन्मभर कमावलेला विश्वास धुळीला मिळाला. हे माझ्याच पोटात घडलं, म्हणून मला फार वाईट वाटतं.

त्याच हंगामात ते इंजिनिअर एका दुभाष्याला सोबत घेऊन पाहणीला आले. चेअरमन लगबगीनं म्हणाले, "एकदम झकास चाललंय!" पाहुण्यांना वाईट वाटू द्यायचं नाही, असं सगळ्यांचं आधीच ठरलं होतं. आत्या मात्र गर्दीतून पुढं आली आणि तिनं मूठभर मेलेले दाणे त्यांच्या हातावर ठेवले.

"साहेब, हे उगवत नाही. तुमच्या यंत्रात वाळवलंय."

दुभाष्यानं चेअरमनकडे पाहिलं. चेअरमननी हळूच नकारार्थी मान हलवली. मग दुभाषी परदेशी भाषेत बोलला. ती माझ्या जन्मगावची भाषा, मला कळली. तो म्हणाला, "आठवण म्हणून दिलंय."

इंजिनिअरांचे डोळे भरून आले. त्यांनी दाणे रुमालात बांधले, हे मी घरच्या बागेत पेरीन असं आपल्या भाषेत म्हणाले आणि आत्याचा हात हातात घेतला. ते डोळे बघून आत्याला वाटलं, यांना सगळं समजलं.

"आता करतील बघ दुरुस्त," ती भाच्याला म्हणाली.

मित्रांनो, यंत्रांना तेल द्या, पुसत जा, ते हवंच. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. मदत करणाऱ्याला खरं सांगायला लाजू नका, आणि दुसरा कुणी खरं सांगत असेल तर त्याचा शब्द मधल्या मध्ये गिळू नका. पुढची कापणी आता तोंडावर आली आहे. आत्या अधूनमधून शेडच्या दारात येते आणि विचारते, "साहेबांकडून काही निरोप आला का रे?"