पुलावरून नेलेली टोपली

पाणी चढलं तेव्हा माझं लग्न होऊन वर्षच झालं होतं. शरावतीवर धरण झालं आणि मधली सगळी खाचरं तळ्यात गेली. मी अलीकडे तुमरीला, माहेर पलीकडे. मग जन्मभर लाँच. आणि लाँच सुटायची ती चांगलं उजाडल्यावर.

म्हणून भूमी हुण्णिमेला मी कधी माहेरी नव्हते; आदल्या दिवशी जावं तर रात्रभर सासरच्या शेतासाठी रांधायचं असे. त्या पुनवेला भात पोटरीत असतं, म्हणजे भूमी गरोदर. बायकांनी रांधून रंगवलेल्या टोपलीत भरायचं आणि सूर्य उगवायच्या आत शेतात नेऊन तिचे डोहाळे पुरवायचे. यंदा माझ्या धाकट्या भावाची, टीकप्पाची बायको वारली. घरात दुसरं बाईमाणूस नाही. फोनवर म्हणाला, "अक्का, यंदा भूमी उपाशीच."

"उपाशी कशी? पूल झालाय ना!"

इकडची टोपली लेकीवर सोपवली. जावयाने, षण्मुखाने, रिक्षा काढली. टोपली माझ्या मांडीवर, काकडीचे कडबू अजून गरम. धुकं असं दाट की पुढचं चाक दिसेना. रिक्षा उतारावरून खाली गेली, थांबली. षण्मुखाने इंजिन बंद करून जांभई दिली. मीही पदर सावरून बसले. समोर पाणी चुबुकचुबुक करत होतं.

"षण्मुखा, आपण कशाची वाट बघतोय रे?"

"लाँचची," म्हणाला, आणि कपाळावर हात मारला.

"अरे गाढवा, पूल!"

"तुम्ही तरी कुठे बोललात, अम्मा?"

रिक्षा गर्रकन वळली. पुलावर चढलो तर धुकं सगळं खाली, समोर आभाळ लालभडक!

"दामट! सूर्य आला बघ!"

"रिक्षा आहे अम्मा, विमान नाही!"

पलीकडचा काठ आला. खाली, विरळ होत चाललेल्या धुक्यात, जुन्या धक्क्यावर बॅटरी हलत होती. टीकप्पा! पाण्याकडे तोंड करून उभा!

मी रिक्षातून डोकं बाहेर काढलं. "टीक्या! वर बघ, वर!"

"अक्का? तू वर कशी?"

"उडत आले! शेताकडे पळ!"

धोतर वर धरून म्हातारा असा पळाला की बांधावर आमच्या आधी हजर. मी घास काढून दिला, त्याने तो मातीत पुरला. हात झटकतोय तोवर पहिलं ऊन भाताच्या पात्यांवर आलं.

टीकप्पा टोपलीवरच्या नक्षीवरून बोट फिरवत राहिला. "थेट आईसारखी काढलीस गं."

मग डोळे पुसून म्हणाला, "पुढच्या वर्षी जरा लवकर निघ."