उंबऱ्याबाहेरची माणसं

मी बोलतोय, पण हळू. सतराशे वर्षं उलटली, आता दम लागतो. मी मातीचा एक छोटा दिवा. जन्म इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा, हल्ली मुक्काम कोपरखैरण्यात, रहिमाच्या शोकेसमध्ये. तिचा नवरा मुस्तफा बोटीवर होता. त्याने मला तिकडच्या बाजारातून आणलं. तो वारला, आणि आता माझ्या पोटात सेफ्टी पिना असतात.

माझी पहिली मालकीण इरेनी नावाची विणकरीण. तेव्हा राज्य रोमचं होतं आणि येशूचा धर्म नवा. तो काही फौजेने आणला नव्हता. खलाशी, विणकर, धुणं धुणाऱ्या बायका यांच्या बोलण्यातून गल्लीबोळांत पसरत होता. इरेनीच्या मागच्या खोलीत उजाडायच्या आत माणसं जमायची. गुलाम आणि मालकीण एकाच पावाचा तुकडा मोडून खायचे. ते बघायला मला फार आवडायचं.

मग बादशहाचा हुकूम आला: रोमच्या देवांपुढे चिमूटभर धूप टाका, नाहीतर तुरुंगात चला. काही जण तुरुंगात गेले. इरेनीची मैत्रीण थाइस हिचं पोर तापाने फणफणलं होतं. तिने धूप टाकला; येशूला मानणाऱ्यांच्या लेखी तो विश्वासघात होता.

संकट टळल्यावर ती रडत परत आली, पण तिला कुणी आत घेईना. आत पाव मोडला जायचा, बाहेर ती उंबऱ्याशी बसायची. परत घ्यायचं की नाही, यावर नुसता काथ्याकूट चालायचा. अखेर घ्यायचं ठरलं. सांगायला गेले, तर ती आदल्याच दिवशी वारली होती. इरेनीने त्यानंतर मला पेटवलंच नाही.

इतक्या वर्षांनी पुन्हा तेच बघायचं नशिबी आलं. ही बिल्डिंग पाडून नवी बांधायचीय. नवं घर मिळेपर्यंतचं भाडं बिल्डर लेखी देत नाही, तोवर त्याच्या करारावर कुणी सही करायची नाही, असं सोसायटीने ठरवलं होतं. वरच्या मजल्यावरच्या वैजयंतीच्या नवऱ्याचं ऑपरेशन निघालं, बिल्डरने पैसे पुढे केले आणि तिने सही केली. तेव्हापासून तिच्याशी सगळ्यांचा अबोला आहे. रहिमाचासुद्धा.

आज ईद. रहिमा दरवर्षी घरोघर शिरखुर्मा पाठवते. तिची मुलगी सुमय्या वाट्या भरत होती. सोफ्यावर सोसायटीचे सेक्रेटरी सुधीर दुसरी वाटी संपवत होते.

"अम्मी, वैजयंतीकाकूंची भरू?"

 रहिमाच्या आधी सुधीरच बोलले, "वहिनी, मीटिंगमध्ये ठरलंय ना आपलं? त्यांच्याकडे काही द्यायचं-घ्यायचं नाही."

मला ओरडावंसं वाटलं. बायांनो, बाबांनो, चुकलेल्या माणसाला काय बोलायचं ते बोला, भांडा हवं तर. पण उंबऱ्याबाहेर ठेवून विचार करत बसू नका. विचार संपतो तेव्हा माणूस उरलेलं नसतं. पण मातीला कुठला आवाज! थकलो मी हे बघून.

रहिमाने ओढणी डोक्यावर घेतली. स्वतःच्या हाताने वाटी काठोकाठ भरली, वर बदाम घातले.

"मीटिंगचं मीटिंगमध्ये बघू, भाऊ," ती म्हणाली. "ईद काय मीटिंगमध्ये ठरते?"

दार उघडंच टाकून ती जिना चढली. वर बेल वाजली. दार उघडलं. सुधीरांचा चमचा हातातच राहिला.

मग वैजयंतीचा रडवेला आवाज आला, "रहिमा, मी सही केली गं."

"म्हायती हाय. धर आधी, वाटी गरम हाय."