हाल बेकेन?

बेळगावच्या रेल्वे फाटकापलीकडे भाताची शेते बुजवून जी नवी वस्ती उठली, तिला वस्ती म्हणावे की नुसता जमाव, असा वाद त्या काळी शहरात होता. गोव्याचा शिंपी, दखनी बोलणारा टांगेवाला, चिकोडीकडचे जैन कापडवाले आणि जांबोटीचा रवळू एकाच ओळीत राहत असतील, तर त्यांना शेजारी म्हणायचे ते कशाच्या आधारावर? प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर चर्चेने मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

रवळूला मालधक्क्यावर कायमची नोकरी लागली, तेव्हा त्याने बायकोला, नागुबाईला, तान्ह्या मुलीसह गावाहून आणले. महिना भरण्याआधीच ती परत निघाली. मुलीला अंगावरचे दूध पुरत नव्हते, वरचे कोठे मिळेल हे कोणाला विचारावे ते कळत नव्हते, आणि भरीस भर म्हणून कापडवाल्यांची राजमती रोज सकाळी भिंतीवरून डोके काढून तिला शाप देत असे.

"म्हणती तरी काय ती?" रवळूने विचारले.

"लेकरापुढं त्ये तोंडातनं काढायचं न्हाय." अशुभ शब्द तान्ह्या बाळाजवळ पुन्हा उच्चारू नये, अशी तिच्या माहेरची रीत. "मी ऱ्हात न्हाय हितं. तुमी ऱ्हावा तुमच्या धक्क्यावर."

नोकरी सोडावी की बायकामुलीवाचून राहावे, हे रवळूला ठरवता येईना. भरमाची बैलगाडी दारात आली, भांडी चढली. तेवढ्यात भिंतीवर राजमतीचे डोके उगवले.

"अक्का, हाल बेकेन?"

'बेक' म्हणजे हवे, एवढी कानडी नागुबाई बाजारात शिकली होती. हाल म्हणजे काय, ते तिला कोणी शिकवायला नको होते. ती भिंतीपाशी जाऊन कडाडली, "हाल पायजेत का म्हणून रोज इचारतीस? किती हैत गं तुझ्याकडं? दाव की!"

'दाव' तेवढे राजमतीला समजले असावे. तिने चरवी उचलून भिंतीवर ठेवली आणि झाकण काढले. आत नुकतेच काढलेले, फेसाळ दूध होते.

"हाल," ती म्हणाली.

रवळू मटकन खाली बसला आणि पोट धरून हसू लागला. "अगं, कानडीत दुधाला हाल म्हणत्यात! आदी सांगितली असतीस तर!"

"दुधाला हाल? दुसरा शबूद गावला न्हाय व्हय त्यास्नी?" नागुबाईने बोट बुडवून दूध चाखले, मग मागे वळून म्हणाली, "भरमाण्णा, भांडी उतरा." आणि पुन्हा राजमतीकडे वळत, "लई पातळ हाय की गं! पाणी किती घातलंस?"

राजमतीने कमरेवर हात ठेवून कानडीत सविस्तर उत्तर दिले. नागुबाईला त्यातले अक्षर कळले नाही, तरी तिने माघार घेतली नाही. दूध मात्र, वाद ऐन रंगात असतानाच, तिच्या तांब्यात आले.